न सरणारी आगोट

१.

मराठीत 'भरणे' ह्या क्रियापदाइतके कष्टाळू क्रियापद क्वचितच दुसरे असेल. शाळा भरते, बाजार भरतो, जत्रा भरते. फी भरतात, अर्ज भरतात, पाणी भरतात. कान भरले जातात, ऊर भरून येतो, आभाळ भरून येते, दिवस भरतात आणि पापाचा घडाही भरतो. ह्यांतली काही भरणी हवीशी, काही नकोशी. परंतु बहुतेकांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे जे भरले ते पुढे केव्हातरी रिकामे व्हायचे आहे. शाळा सुटते, बाजार उठतो, आभाळ मोकळे होते.

आमच्या कोकणात तर ह्या भरण्याला एक खास शब्द आहे, आगोट. मिरगाचा पाऊस लागण्याआधी घरात तांदूळ, कुळीथ, मीठ, मिरची, सुके मासे, सुकी लाकडे भरून ठेवायची. ह्याला आगोट भरणे म्हणतात. दर्या बंद, वाटा चिखलाच्या, बाजार लांब. तेव्हा चार महिने घर चालावे म्हणून ही बेगमी. पण आगोटीची खरी परीक्षा ती भरण्यात नसून सरण्यात असते. दसऱ्याच्या सुमारास डबे खरवडले जाऊ लागले म्हणजे अंदाज बरोबर होता. वैशाखात भरलेले पुढच्या वैशाखापर्यंत तसेच राहिले तर त्याला पोरकिडे लागतात आणि घरातली जाणती बाई बोल खाते.

संगणकाची तबकडी ह्या हिशोबात कोठेच बसत नाही. ती भरते, भरतच जाते, आणि तिच्यातले काही खाल्ले जात नाही. एखादी फाईल शंभर वेळा वाचली तरी ती पसाभरही कमी होत नाही. ही न सरणारी आगोट आहे. तिच्या निमित्ताने काही विचार करावासा वाटतो, कारण हा विचार मला यंत्राकडून थेट आपल्या व्यवसायापर्यंत, म्हणजे वाङ्मयाच्या अभ्यासापर्यंत घेऊन गेला.

२.

गोष्ट २०१६ च्या पावसाळ्यातली. रत्नागिरीतल्या आमच्या महाविद्यालयात मराठी विभागाच्या वाट्याला एक संगणक होता. त्यावर विंडोज ७ ही प्रणाली होती आणि आत ५०० जीबीची हार्ड डिस्क. (संगणक स्वतः मात्र ती ४६५ जीबीची आहे असेच सांगे. ह्यात लबाडी कोणाचीच नाही. तबकडी विकणारा हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला जुळत नसे, त्यातलाच हा प्रकार.) जुळवून घेतलेल्या बहुतेक संगणकांप्रमाणे तिचे सी, डी आणि ई असे तीन भाग केलेले होते. डी आणि ई जवळजवळ ओसाड. सीमध्ये मात्र मुंगी शिरायला जागा नाही. घराला पाच खोल्या असाव्यात आणि सगळ्यांनी माजघरातच दाटीवाटीने बसावे, तसे.

सीची क्षमता १०० जीबी. रिकामी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज त्या भागापुढची निळी पट्टी तांबडी करते. आमची पट्टी तांबडी झाली. नेहमीचे उपचार झाले. केराची टोपली रिकामी केली. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांना ती ठाऊक नसते. फाईल 'डिलीट' केल्याने जागा मोकळी होत नाही. ती केवळ टोपलीत जाऊन बसते आणि तिथेही तेवढीच जागा अडवते. टोपली रिकामी केल्यावरसुद्धा तबकडीवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही. अनुक्रमणिकेतून त्याचे नाव तेवढे खोडले जाते आणि 'ही जागा घ्यायला हरकत नाही' अशी नोंद होते. दुसरे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत जुने तिथेच असते. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ही अवस्था परकी वाटू नये.

ब्राउजरने जमवलेली चित्रे काढली. संगणक झोपवताना स्मृतीतला ऐवज ज्या भल्यामोठ्या फाईलमध्ये ठेवला जातो ती हायबरनेशनची सोय बंद केली. ह्या सगळ्यातून नऊ जीबी मिळाले आणि पट्टी निळी झाली. पाच-सहा दिवसांत ती पुन्हा तांबडी. त्या दिवसांत विभागात कोणी काही साठवले नव्हते. परीक्षा चालू होत्या आणि संगणकावर काम होते ते एक-दोन पत्रे टंकण्याइतकेच. पुन्हा साफसफाई, पुन्हा चार दिवसांनी तांबडी पट्टी. विहिरीत खालून झरा फुटावा तसे कुठूनतरी भरत होते.

इथे मला प्रश्न बदललेला जाणवला. 'काय काढू?' हा प्रश्न आगोटीचा, साठवणीचा. 'काय भरते आहे, आणि कोण भरते आहे?' हा प्रश्न वेगळा, तो कारणाचा. पहिल्याचे उत्तर केर काढून मिळते, दुसऱ्याचे मिळत नाही. आणि कारण कळण्याआधी जो हात झाडूकडे जातो, तो बहुधा जे डोळ्यांपुढे आहे तेच झाडून टाकतो.

३.

आमचाच एक माजी विद्यार्थी गावात संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याला बोलावले. त्याने विनडिरस्टॅट नावाची एक मोफत आज्ञावली चालवली. ती सगळी तबकडी पालथी घालते आणि शेवटी एक रंगीत चित्र समोर ठेवते. एका मोठ्या आयतात लहानमोठे आयत. प्रत्येक आयत म्हणजे एक फाईल. जितकी मोठी फाईल तितका मोठा आयत. कोकणातल्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांचा वरून काढलेला नकाशा वाटावा, असे ते दिसते.

ह्या चित्राचा उगम मोठा मजेदार आहे आणि तो आपल्या विषयाशी अगदी जोडलेला आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलंड विद्यापीठातील प्रयोगशाळेत चौदा जणांत मिळून एक तबकडी होती, ८० एमबीची. ती सारखी भरे. जागा कोण अडवून बसला आहे हे कळायचे कसे, ह्या विवंचनेतून तिथले प्राध्यापक बेन श्नायडरमन ह्यांना ही आयतात आयत बसवण्याची रीत सुचली. पुढे 'ट्रीमॅप' ह्या नावाने ती जगभर गेली. शेअर बाजाराचे चढउतार आणि देशोदेशींचे अर्थसंकल्पसुद्धा आज ह्याच रीतीने दाखवतात. मुळात मात्र ती भरलेल्या तबकडीवरची तोड होती. सामायिक माळ्यावर कोणाच्या किती ट्रंका आहेत, एवढाच तो प्रश्न.

आमच्या चित्रात दोन मोठे पट्टे दिसले. पहिला एकसंध, सव्वीस जीबीचा, एका रंगाचा. दुसरा तीस-एकतीस जीबीचा, पण सारख्याच आकाराच्या असंख्य चौकोनी फरशा बसवाव्यात तसा. नजर आधी पहिल्यावर गेली, कारण त्याचे नाव वाचता येत होते. तो डेस्कटॉपवर ठेवलेला एक फोल्डर होता. आणि डेस्कटॉप म्हणजे सीचाच भाग.

"मॅडम, हा मोठा तुकडा काढू या," तो म्हणाला. "सव्वीस जीबी एका फटक्यात मोकळी."

"त्यात काय आहे पाहिलंस का?"

"ऑडिओ आहेत. गाणी असतील."

"आणि दुसरा पट्टा?"

"तो विंडोजचा आहे मॅडम, त्याला हात नको लावायला. नाहीतर मग सगळाच फॉरमॅट मारतो."

त्याच्या बोलण्यात वावगे काही नव्हते. व्यवस्थेचे ते पवित्र आणि माणसांचे ते काढण्याजोगे, हे गृहीतक त्याने एकट्याने निर्माण केलेले नाही. आणि 'गाणी असतील' हे तर शब्दशः खरे होते. तीन वर्षे आमच्या पदवी वर्गातल्या मुलींनी संगमेश्वर, लांजा, राजापूर ह्या तालुक्यांतल्या आपापल्या गावी जाऊन आज्या, चुलत्या, शेजारणी ह्यांच्याकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. सुमारे पंचेचाळीस तासांचा तो ऐवज होता.

४.

मी दुसरा पट्टा उघडायला सांगितला. तो विंडोजच्या स्वतःच्या तात्पुरत्या, म्हणजे 'टेम्प' ह्या फोल्डरचा निघाला. त्यात तीनशेहून अधिक फायली होत्या. सगळ्यांची नावे 'कॅब' ह्या अक्षरांनी सुरू होणारी, पुढे आकडे, आणि प्रत्येकीचा आकार सुमारे १०० एमबी. सर्वांत ताजी त्याच सकाळची होती. झरा सापडला होता. तो कुठून फुटतो हे पाहायचे राहिले होते.

पुढे कळले ते असे, आणि विंडोज ७ च्या काळात हा विकार सर्वत्र आढळणारा होता. प्रणालीत जे बदल, दुरुस्त्या, अद्यतने होतात त्यांची एक रोजनिशी यंत्र स्वतः लिहीत असते. तिला सीबीएस लॉग म्हणतात. एखादे अद्यतन अर्धवट राहिले तर त्याचीही नोंद, पुन्हा प्रयत्न केला तर त्याचीही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगण्याची गरज नाही. ही रोजनिशी ठराविक आकाराची झाली की यंत्र ती बाजूला ठेवते, नवी वही काढते आणि जुनी 'मेककॅब' नावाच्या मदतनिसाकडून आवळून लहान करून घेते. योजना शहाणपणाची आहे. अडचण एवढीच की ह्या मदतनिसाला दोन जीबीहून मोठी वही पेलत नाही. एखाद्या वेळी रोजनिशी त्या मर्यादेपलीकडे फुगली की तो आवळायला बसतो, काही अंतर जातो, अडतो आणि काम टाकून देतो. टाकलेल्या कामाचा तुकडा 'टेम्प'मध्ये तसाच राहतो. हाच तो १०० एमबीचा चौकोन. थोड्या वेळाने यंत्राच्या लक्षात येते की वही अजून आवळायची राहिली आहे. पुन्हा प्रयत्न, पुन्हा अपयश, पुन्हा एक चौकोन. तबकडी भरेपर्यंत हेच. मग तुम्ही साफसफाई करून नऊ जीबी देता. म्हणजे आणखी नव्वद अपयशांची सोय करून देता.

मराठीच्या शिक्षकाला हे वाचून हसू येणे साहजिक आहे. आपण प्रथम वर्षाला सारांशलेखन शिकवतो. मूळ उताऱ्याचा एकतृतीयांश करा म्हणतो. ज्याला उतारा झेपत नाही तो विद्यार्थी काय करतो? पहिल्या चार ओळी जशाच्या तशा उतरवतो, अडतो, आडवी रेघ मारतो, पान उलटून पुन्हा पहिल्या चार ओळी उतरवतो, आणि मग हात वर करून म्हणतो, पुरवणी द्या. आमचा संगणक तीनशे पुरवण्या घेऊन बसला होता. उत्तर एकाही पुरवणीत नव्हते.

उपाय अर्ध्या तासाचा निघाला. ती रोजनिशी लिहिणारी सेवा थांबवली, दोन जीबीच्या वर गेलेली जुनी वही काढून टाकली, मग ते तीनशे चौकोन काढले आणि सेवा पुन्हा सुरू केली. एकतीस जीबी मोकळी झाली आणि पट्टी त्यानंतर तांबडी झाली नाही. ह्यात क्रमाला महत्त्व आहे. आधी चौकोन काढून वही तशीच ठेवली असती तर झरा वाहतच राहिला असता.

५.

दुरुस्ती झाली, पण ते चित्र मनातून जाईना. शेजारी शेजारी दोन पट्टे. एकात यंत्राने स्वतःच्या दुरुस्तीविषयी लिहिलेल्या नोंदींचा सारांश करण्याच्या फसलेल्या प्रयत्नांचे अवशेष. दुसऱ्यात पंचेचाळीस तास बायकांचे आवाज. आणि जागा हवी तेव्हा काढायला सुचला तो दुसरा.

हे केवळ यंत्राचे वैशिष्ट्य नाही. महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपण करतो त्या कामापेक्षा त्या कामाच्या नोंदी वाढल्या. व्याख्यान झाले की त्याचा अहवाल, अहवालासोबत छायाचित्रे, छायाचित्रावर स्थळाचे अक्षांश-रेखांश, मग सर्व अहवालांचा वार्षिक अहवाल, मग तो विहित नमुन्यात, मग नमुना बदलला म्हणून पुन्हा. त्यांतले प्रत्येक कलम एकेकटे पाहिले तर समर्थनीय आहे. जबाबदेही हवी ह्याला कोण नाही म्हणेल? प्रश्न प्रमाणाचा आहे. नोंद कामासाठी असते तोवर ती उपयोगी. कामापेक्षा मोठी झाली की तिला आवळण्याचेच एक काम होऊन बसते, आणि ती जागा खाते ती तबकडीवरची नव्हे, शिक्षकाच्या दिवसातली. विद्यार्थ्याची कविता वाचायची, एखादी टीप पुन्हा लिहायची, जुना अंक शोधायला वाचनालयात जायचे, ह्या गोष्टी आपण 'वेळ मिळेल तेव्हा' म्हणून बाजूला ठेवतो. त्या आपल्या स्वतःच्या असतात, व्यवस्थेच्या नसतात. म्हणून त्याच आधी काढण्याजोग्या ठरतात.

जुन्या सरकारी दप्तरात ह्यावर एक साधी योजना होती. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करायचे. 'अ' कायमचा, 'ड' वर्षभराने नष्ट करायचा. कागद निर्माण होतानाच त्याचा मृत्युलेख ठरवून टाकण्याची ही रीत रुक्ष वाटेल. परंतु तिच्यात विवेक आहे. संगणकातला 'टेम्प' म्हणजे नावापुरता 'ड' वर्ग. तात्पुरता म्हणून जन्मलेला, आणि नष्ट करणारा कारकून नसल्यामुळे कायम झालेला.

वाचनालयांतही हे काम चालते. तिथे त्याला निर्लेखन म्हणतात. आमच्या रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. जवळजवळ दोनशे वर्षे चालत आलेल्या संस्थेने सगळे ठेवले असते तर वाचकाला बसायला बाकडे उरले नसते. आणि सगळे काढले असते तर वाचकाने यायचे कारण उरले नसते. कपाटात राहिलेले प्रत्येक जुने पुस्तक हे कोणीतरी कधीतरी केलेल्या निवडीचे फळ असते. ही निवड म्हणजेच समीक्षा, अगदी तिच्या मूळ अर्थाने.

६.

अर्थात निवडीची बाजू घेताना दुसऱ्या बाजूचेही नाव घेतले पाहिजे, आणि ते नाव आहे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, अडगळीतून त्यांनी जे कागद मिळवले त्यांतले कितीतरी त्यांच्या मालकांच्या लेखी रद्दीच होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली आला आणि पानिपतापर्यंतचा काळ पत्रांतून बोलू लागला. कोणा गृहिणीने दिवाळीच्या साफसफाईत ते रुमाल चुलीत घातले असते तर तिला कोणी बोल लावला नसता. काय 'ड' वर्गाचे आणि काय 'अ' वर्गाचे हे त्या-त्या काळी नेहमीच कळते असे नाही, हा राजवाड्यांच्या आयुष्याचा धडा.

त्याच्या जोडीला गो. स. सरदेसाई ह्यांचा धडा ठेवावा. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे डोंगर सुरक्षित होते; पण ते सुरक्षित असणे आणि अभ्यासकाला उपलब्ध असणे ह्यांत अंतर होते. १९३० च्या सुमारास सरदेसायांच्या देखरेखीखाली त्यांतून निवड झाली आणि 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' पंचेचाळीस भागांत छापले गेले. राजवाड्यांनी हरवणारे वाचवले. सरदेसायांनी वाचलेल्यातून वेचले. दोन्ही कामे लागतात, आणि दोन्ही माणसांनाच करावी लागतात. हरवू न देणे हे एक वेळ यंत्राला सांगता येईल. पण कशात काय आहे हे पाहून हात घालायचा की नाही ते ठरवणे तबकडीच्या कुवतीबाहेरचे आहे.

आज हा प्रश्न तबकडीपुरता राहिलेला नाही. साठवण यंत्रातून 'क्लाउड'मध्ये गेली तेव्हा आता जागेची चिंता मिटली असे आपल्याला वाटले होते. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी संपली आणि आभाळालाही भिंती असतात हे कळले. हातातला फोन 'जागा संपली' म्हणतो तेव्हा आपण आत डोकावतो, तर शेकडो सुप्रभात, तोच मोदक चाळीस जणांनी पाठवलेला, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी वडिलांचा शेवटचा स्पष्ट फोटो. 'सर्व निवडा' हे बटण तिथे हाताशीच असते. मी फक्त इतकेच म्हणेन की ते दाबण्याआधी आयतांचा नकाशा पाहावा.

७.

आता त्या सव्वीस जीबीविषयी. ह्या ओव्या नुसत्या लिहून ठेवल्या असत्या तर किती जागा लागली असती? युनिकोड मजकूर आज ज्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवला जातो तिच्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताची खूण तीन बाइट घेते. 'क्षि' लिहायला बारा बाइट. रोमन अक्षराला एकच लागतो, तेव्हा ही उधळपट्टी वाटेल. पण तरीही हिशोब मोठा होत नाही. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या दोन एमबीच्या आसपास मावतात. फोनवर काढलेले एखादे छायाचित्र त्याहून जड असते. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली, ती कपाटाएवढी, पन्नास तबकड्यांची आणि पन्नास लाख अक्षरे मावणारी. आपली सगळी ज्ञानेश्वरी तिच्यातही सामावली असती. तबकडी भरली म्हणून कोणी शब्दांकडे बोट दाखवील तर ते खोटे आहे. शब्दांनी आजवर कोणाचे घर भरलेले नाही.

जात्यावरची एक दोन ओळींची ओवी लिहिली तर दोनशे बाइटांच्या आत-बाहेर. तीच ओवी आवळून लहान न करता ध्वनिमुद्रित केली तर अर्ध्या मिनिटाला सुमारे पाच एमबी, म्हणजे पंचवीस हजार पट. एवढ्या जागेत असते तरी काय? मुलींबरोबर मी ती मुद्रणे ऐकली. जात्याची घरघर असते. बहुतेक ठिकाणी जाते रिकामेच फिरवलेले, कारण दळण आता चक्कीवर आणि जाते उरले ते लग्नातल्या हळदीपुरते. दुसऱ्या ओळीआधी घेतलेला श्वास असतो. भावाचे नाव गुंफताना किंचित वर जाणारा सूर असतो. एक ओळ आठवेना म्हणून थांबलेली आजी आणि पडवीतून तिला ती ओळ सांगणारी सून असते. पागोळ्या असतात, कोंबडा असतो, 'चाय झाली गे?' असते.

साने गुरुजींचे जन्मगाव पालगड आमच्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले. त्यांनी 'स्त्रीजीवन'मध्ये बायकांच्या ओव्या संग्रहित केल्या, त्या कागदावर. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी अनेक दशकांच्या कामातून खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्यांतल्या हजारोंचे आवाजही मुद्रित झाले. हे दोन प्रयत्न एकमेकांशेजारी ठेवले की लक्षात येते की ओवीचा पाठ आणि ओवी ह्या दोन वस्तू आहेत. पाठ दोनशे बाइटांचा. उरलेल्या पाच एमबीला आपल्या अभ्यासक्रमात अजून धड नाव नाही. मुद्रण काढून टाकून 'ओव्या लिहून घेतल्या आहेत ना?' असे म्हणणे म्हणूनच पटत नाही.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही फोल्डर ई भागात हलवला, त्याच्या दोन प्रती बाहेरच्या तबकड्यांवर केल्या आणि एक जाड वही घातली. मुद्रणयंत्राने दिलेली नावे नुसत्या आकड्यांची होती. त्यांवरून कोणाचा आवाज कोणता हे ब्रह्मदेवालाही कळले नसते. वहीत प्रत्येक आकड्यापुढे बाईचे नाव, गाव, माहेर, तिने ओव्या कोणाकडून घेतल्या आणि कोणत्या मुलीने मुद्रण केले, हे लिहिले. काम कंटाळवाणे होते. तेही नोंदीचेच, पण ह्या नोंदीवाचून मुद्रण मुके राहिले असते, म्हणून ती वेगळ्या जातीची. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, पुढे तो संगणकही निर्लेखित झाला. वही आणि प्रती आहेत.

दोन वर्षांपूर्वी त्या मुलींपैकी एक आली. आता ती स्वतः शाळेत शिकवते. आजी वारली होती. घरात तिचे छायाचित्र होते, आवाज नव्हता. वहीत पान सापडले, पानावरून आकडा, आकड्यावरून फाईल. बारा मिनिटांची ती फाईल एकशेवीस एमबीची निघाली. तिने ती विभागातल्या टेबलाशी बसून पूर्ण ऐकली. सातव्या मिनिटाला आजी गाणे थांबवून तिला विचारते, "ह्यां सगळां ठेवतलंस खंय?"

प्रश्न रास्त होता. पंचेचाळीस तासांपैकी लिप्यंतर झाले आहे ते जेमतेम अकरा तासांचे. उरलेले तास ऐकायला माणसे हवी आहेत, आणि ती बोली कानाला ओळखीची असणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तबकडीवर जागा भरपूर आहे.